जाड तारेचे दिवस

माझी दहावीची परीक्षा संपली त्या आठवड्यात बाबा नागपुरातल्या सदरमधून माझ्यासाठी व्हायोलिन घेऊन आले. त्याच आठवड्यात कानाच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, की तुमचे कान चालले आहेत आणि ते थांबवता येणार नाही. पहिली गोष्ट आमच्या सगळ्या लेआउटनं, म्हणजे वसाहतीनं, पाहिली, कारण स्कूटरवर पुढ्यात उभी करून आणलेली ती काळी पेटी लपण्यासारखी नव्हती. दुसरी गोष्ट त्यांनी फक्त आईला सांगितली. पोरीला कळू द्यायचं नाही, अशी तंबीही दिली. मला ती कळायला दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत मी काय केलं ते लिहायला बसले आहे, आणि लिहिताना मला माझाच राग येतो आहे.

बाबा वीज केंद्रात टर्बाइनवर कामाला होते. तिथे मशीनच्या आवाजात माणसाला माणसाचं ऐकू येत नाही, म्हणून सगळे खुणांनी बोलतात. ती सवय घरी पण यायची. दोन बोटं वर केली की चहा, तळहात आडवा फिरवला की पुरे. आणि तोंडानं बोलायला लागले की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. बाबांना फोन लागतोच कशाला, तसेच बोलले तरी रामटेकला पोचेल, असं मी म्हणायचे. रामटेकजवळच्या गावात त्यांचे भाऊ अजून धानाची शेती करतात. ते स्वतःही या थट्टेला हसायचे. आईच तेवढी हसत नसे.

व्हायोलिनचं वेड त्यांना रामटेकच्या गडावर लागलं होतं. लहानपणी रामनवमीला एका भजनी मंडळात कोणीतरी व्हायोलिन वाजवणारा आला होता, आणि बाबा सबंध सकाळ त्याच्या गुडघ्याशी बसून राहिले होते. पुढे शाळा, नोकरी, लग्न, आणि ते राहूनच गेलं. मी म्हटलं, "पण मग तुम्ही शिका ना. मी काहून शिकू?"

"तू शिक वं बेटा," ते म्हणाले. "मले ऐकायचं आहे."

इतकं सरळ वाक्य. त्यात न समजण्यासारखं काय होतं? पण पंधराव्या वर्षी मोठ्या माणसांची सरळ वाक्यं ऐकूच येत नाहीत, कान कितीही धड असले तरी.

महाल भागात एका अरुंद गल्लीत, वरच्या मजल्यावर, माझे सर राहायचे. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, बारीक, अंगात कायम पांढरा हाफ शर्ट. मांडी घालून बसायचं, व्हायोलिनचं डोकं उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवायचं, आणि गज चालवायचा. त्यांची शिकवायची रीत अशी, की पहिले सहा महिने फक्त सगळ्यांत जाड तार. एकच सूर. गज या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचा, मनात सोळा मोजायचे, आणि परत आणायचा. दुसऱ्या तारेला चुकून गज लागला तरी ते डोळे न उघडता मान हलवायचे.

"सर, दुसऱ्या तारा कधी?"

"आधी हिच्याशी ओळख होऊ दे. बाकीच्या कुठं पळून नाही चालल्या."

घरी मी रोज चार वाजता सरावाला बसायचे. त्या वर्षी बाबांची सकाळपाळीच होती, ते तोवर घरी आलेले असत. जेवण आटोपून माझ्या खोलीच्या दाराशी स्टूल टाकून बसायचे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी शेजारच्या काकू कुंपणापलीकडून आईला म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या गेटाले तेल घाला वं. चार वाजल्यापासून कुरकुरून राहिलं." त्यांना खरंच गेट वाटलं होतं. आई हसली, बाबा तर पोट धरून हसले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी बाबांचं स्टूल उचलून बाहेर ठेवलं आणि दार लावून घेतलं.

"नीट आल्याशिवाय कोणाला ऐकवणार नाही," मी सांगून टाकलं. "एक पूर्ण गाणं येऊ द्या, मग ऐका."

"किती दिवस लागतील?" त्यांनी विचारलं.

"मला काय माहीत? वर्ष, दोन वर्षं."

 त्यांनी तळहात आडवा फिरवला.

मे महिना लागला आणि मला आणखी एक युक्ती सापडली. माझ्या खोलीच्या खिडकीला बाहेरून कूलर बसवला होता. नागपूरचा उन्हाळा ज्यानं काढला आहे त्याला कूलरचा आवाज सांगायला नको. तो सुरू झाला की शेजारी बसलेल्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. मी तो पूर्ण वेगावर लावायचे आणि मग गज हातात घ्यायचे. दार बंद, कूलर सुरू, आता लेआउटमधल्या कोणाची टाप होती माझा सूर ऐकायची. मला वाटायचं, मी फार हुशार.

पण रोज साडेचारच्या सुमारास कूलर बंद पडायचा. त्याचं बटण बाहेर वऱ्हांड्यात होतं. टाकीत पाणी भरताना शॉक बसू नये म्हणून तो बंद करावा लागतो, आणि पाणी भरायचं काम त्या वर्षी बाबांनी आपणहून स्वतःकडे घेतलं होतं. आधी ते आईचं होतं. ती सकाळी पाच मिनिटांत आटपायची. बाबांना अर्धा तास लागायचा. मी आत घामानं निथळत, चडफडत, गज तसाच ओढत राहायचे. सोळा मोजायचे आणि परत आणायचा.

नवतपातली गोष्ट. उन्हाळ्याच्या त्या शेवटच्या नऊ दिवसांत आमच्याकडे कुत्रीसुद्धा रस्ता ओलांडत नाहीत. कूलर असाच बंद झाला, आणि अर्धा तास होऊन गेला तरी सुरू होईना. मी व्हायोलिन ठेवून तरातरा बाहेर गेले. बाबा भर उन्हात उभे होते. डोक्याला दुपट्टा, हातात पाइप. टाकी केव्हाची भरून वाहत होती आणि पाणी त्यांच्या चपलांवरून अंगणात चाललं होतं. ते कूलरच्या वाळ्याच्या ताटीला जवळजवळ कान लावून उभे होते.

"बाबा, तुमचं लक्ष कुठं आहे?" मी ओरडले. "टाकी भरून वाहून राहिली. मी आत शिजून राहिली आणि तुम्ही इथं झोपा काढता? हे काम तुम्हाला जमत नसेल तर आईला करू द्या ना."

त्यांनी पाइपकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा.  तेव्हा मला फक्त राग आला होता.

"हो वं बेटा," ते म्हणाले. "लावतो. लावतो कूलर."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पाणी सकाळी, पाळीवर जाण्याआधी भरायला सुरुवात केली. चार वाजता कूलर अखंड चालू राहिला. मी खूश.

मग बारीक तारा आल्या. सर म्हणाले होते तसं, त्या कुठं पळाल्या नव्हत्या. माझी बोटं चालायला लागली, आणि मला वर वर जायची चटक लागली. जितका बारीक सूर तितकी मी मोठी वाजवणारी, असं काहीतरी डोक्यात भरलं होतं. बारावी झाली त्या वर्षी सरांच्या घरी गुरुपौर्णिमा होती. मी बाबांना सांगितलं, "आता या. आता ऐका."

ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, पहिल्या रांगेत बसले. मी पंधरा मिनिटं वाजवलं, त्यातली निम्मी सगळ्यांत बारीक तारेवर. चांगलं वाजवलं, खोटं कशाला बोलू. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी आधी शेजारच्यांकडे पाहिलं आणि मग टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर मी विचारलं, "कसं झालं?"

"तुझा हात काय सुंदर फिरून राहिला होता," ते म्हणाले.

"हात जाऊ द्या. सूर कसा होता?"

ते आईकडे बघायला लागले. आईनं हातातली पिशवी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. बारीक आवाज आधी जातात, जाड आवाज मागून, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पाखरांचे आवाज गेले होते, कुकरची शिट्टी गेली होती. कानातलं मशीन आणून पाहिलं होतं, पण त्यात भांड्यांचा खणखणाट तेवढा मोठा व्हायचा आणि माणसाचं बोलणं कुस्करल्यासारखं यायचं. आज माझा गज फिरताना त्यांना दिसला, अधूनमधून काहीतरी पुसट आलं, बाकी काही नाही.

मी रडले नाही. मला रडायची लाज वाटली. बाबाच म्हणाले, "ते पयलेवालं वाजव ना. जाड तारेवरचं."

मी जमिनीवर बसले आणि जाड तार ओढली. सोळा मोजले. त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली.

"हे येते अजून," ते म्हणाले. "उन्हाळ्यात तू हेच वाजवत होती ना? रोज ऐकत होतो मी. टाकी भरता भरता."

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. जाड तारही त्यांच्या कानातून केव्हाच गेली. मी नोकरी करते, सुटीच्या दिवशी चार वाजता वाजवायला बसते. दार उघडं ठेवते आणि फक्त जाड तार वाजवते. बाबांनी पाणी भरायची वेळ पुन्हा चारची केली आहे. आधी वऱ्हांड्यातलं बटण बंद करतात, मग कूलरच्या पत्र्यावर तळहात ठेवून तो थरथरायचा थांबेपर्यंत वाट पाहतात, कारण बंद झालेला त्यांना तसाच कळतो. मग पाइप सोडतात, आणि टाकी भरून वाहायला लागली तरी ताटीला कान लावून उभे राहतात. मी त्यांना हाक मारत नाही. सोळा मोजते आणि गज परत आणते.