लेकीच्या गावी गेलेली गुरं

फुलसावंगीच्या बाजूला आमच्याकडे सोयाबीन निघालं की घरोघरी कुटाराचे, म्हणजे गुरांना घालायच्या भुशाचे, ढीग लागतात. त्या साली पोळ्यानंतर पाऊस गेला तो आलाच नाही. शेंगा भरल्या नाहीत, आणि मळणीतून जे कुटार निघालं त्यानं अर्धा कोठासुद्धा भरला नाही. ज्वारी पेरणं आम्ही केव्हाच सोडलेलं, त्यामुळे कडब्याची पेंडी घरात नव्हती.

लहानमोठी डझनभर जनावरं होती आणि चारा टाकायचं काम माझं. टोपलं भरताना हात आपोआप आखडायचा. आधी दुभत्या गाई, मग बैल, शेवटी भाकड गाई आणि कालवडी. ज्यांची पाळी शेवटी यायची त्या माझ्या हाताकडे टक लावून बघत राहायच्या. विहिरीचा तळ दिसायला लागला तेव्हा यजमान म्हणाले, "भाकड ढोरं बाजारात न्या लागते आता."

"घेईन कोण? साऱ्याईच्या घरी हेच हाय," मी म्हटलं. "ताईकडे पाठवू. तिकडे कालव्याचं पाणी हाय, ऊस हाय."

ताई म्हणजे माझी नणंद, उमरखेडकडे दिलेली. यजमानांनी ओसरीकडे पाहिलं, तिथं मामाजी, माझे सासरे, ऐकत होते. लेकीच्या घरचं पाणीही न घेणारा माणूस. तिच्याकडे गेले तरी घरून बाटली न्यायचे आणि संध्याकाळच्या बसनं परत यायचे.

"लेकीच्या दारात आपली ढोरं बांधाची?" ते म्हणाले. "जावई काय म्हणतीन?"

मी तिथंच, त्यांच्यासमोर फोन लावला. नणंद उसळलीच. "वहिनी, मी दिवाळीपासून वाट पाहून राह्यली. तुमच्याकडे पाऊस नाई, हे मले समजत नाई का? उसाचे शेंडे बांधावर वाळून राह्यले. पाठवा. अन् बाबाले फोन द्या."

ती काय बोलली ते ऐकू आलं नाही. मामाजी नुसतं "हो, हो" करत होते. फोन ठेवून म्हणाले, "ढोराईले ओळखीचं माणूस लागते. मी संग जातो."

गाडीत भाकड गाई, कालवडी आणि गाभण तांबडी गाय चढवली. मागच्या फळीला धरून मामाजी उभे राहिले, ते थेट गाडी वळेपर्यंत दिसत होते. त्या दिवशी उरलेल्या गुरांना मी पहिल्यांदा टोपलं दाबून भरलं.

होळी झाल्यावर भेटायला गेले. एसटीत माझ्या मनात नको ते येत होतं. गुरं हाडावर आली असतील, मामाजी अर्धपोटी राहत असतील. अंगणात शिरले तर मामाजी कोयत्यानं उसाचे शेंडे तोडत बसलेले. तांबडीची बरगडी झाकली होती. नणंदेनं मामाजींना पाण्याचा तांब्या आणून दिला, त्यांनी तो घटाघटा रिकामा केला आणि पुन्हा पुढे केला. मी बघतच राहिले. नणंदेनं डोळ्यानंच मला दटावलं, काही बोलू नको म्हणून.

आत गेल्यावर तिनं सांगितलं, "पयले पयले शेजाऱ्याच्या बोअरवर जाऊन बाटली भरून आणत. मंग मी म्हटलं, बाबा, तुमच्या गाई माह्या घरचं पाणी पेतात, मंग तुमीच काहून नाई पेत?"

"मंग?"

"मंग काय, हसले. चहा मागतला."

आम्ही दोघी चुलीपुढे इतक्या हसलो की जावई दारात येऊन बघून गेले. माझ्या छातीवरचं ओझं तिथंच उतरलं.

तांबडी तिकडेच व्याली. पाऊस लागून बांधावर गवत उभं राहिलं तेव्हा गाडी परत आली. कालवडी उड्या मारतच उतरल्या. एकेकीच्या पाठीवरून हात फिरवला, तांबडी सोडून एकही कमी नव्हती. ती आणि तिची तिकडे झालेली कालवड मामाजींनी लेकीलाच देऊन टाकल्या. स्वतःही गाडीत बसले नाहीत. "तुमी व्हा पुढं, मी येतो मागून," असं गाडीवाल्याला म्हणाले, आणि आरामात राहून, जावयाच्या शेतातलं निंदण आटोपूनच आले.

त्या वर्षी नाल्याकाठच्या तुकड्यात आम्ही नेहमीसारखी कपाशी लावली नाही. तिथं कडब्यासाठी ज्वारी पेरली.