अस्सल मराठीतले वडील

आपलीच जीभ आपल्याला कुठे अडकवेल, सांगता येत नाही. मी इंग्रजीचा मास्तर. मागे एकदा जेवताना थोरल्या भावाला सांगून बसलो, की इंग्रजीत काही हट्टी लोक लॅटिन-फ्रेंचमधून आलेला एकही शब्द घेत नाहीत. जुन्या जर्मन कुळातल्या, घरच्या शब्दांवरच सगळं भागवतात. दादाने ते लक्षात ठेवलं.

वडील गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दादा म्हणाला, "उद्या तूच बोल. पण अस्सल मराठीत. इंग्रज लोक करायलेत, मग आपल्याला काय धाड भरली? एक बी उर्दू शब्द नको. मानवतचे समदे मास्तर येणार हायत."

'अस्सल' हा शब्दच अरबी, हे सांगायचं त्राण नव्हतं. येणाऱ्याजाणाऱ्यांना वडील कसे गेले, तीच ती हकीकत सांगून मी आंबून गेलो होतो. शिवाय आपलेच दात, आपलेच ओठ. बसलो लिहायला.

वडील कापसाच्या बाजारात हमाल होते. अरबी-फारसी म्हणून 'बाजार' गेला, 'हमाल' गेला. मग मेहनत गेली, हिंमत गेली, त्यांचा सदरासुद्धा गेला. घरात पाऊल टाकताना ते "समदे खुशाल हायत ना?" म्हणायचे, तेही गेलं. त्या जागी परिश्रम आले, धैर्य आलं, भारवहनाचं कार्य आलं. वडिलांबद्दल चारचौघांत बोलायची ही एकच वेळ, आणि मी त्यांना घासूनपुसून लख्ख करत होतो. वाईट वाटत होतं. पण दादाशी वाद घालण्यापेक्षा ते सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी बुद्धवंदना झाली आणि मी वाचलं. कुठेही अडखळलो नाही. मास्तर मंडळींनी माना डोलावल्या, दादाने पाठ थोपटली. मी सतरंजीवर आईशेजारी येऊन बसलो.

ती इतका वेळ कान देऊन ऐकत होती. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "चांगलं बोललास. कोणी लय मोठा माणूस होता वाटतं. आता आपल्या माणसाचं कवा सांगायलास?"

दादा लोकांना जेवायला चला म्हणून विनवत होता. मी माईककडे पाहिलं. मंडपवाला वायर गुंडाळायला लागला होता.