चाकांखालची लिंबं

"दार आपटू नका, बाई. नुसतं लोटा."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आजही रिक्षातून उतरताना माझा हात हळू होतो. रिक्षाला दारच नसतं, हे नंतर लक्षात येतं.

हे म्हणणारे म्हणजे ठाण्यात, कोपरीतले आमचे समोरच्या दाराचे शेजारी. वागळे इस्टेटमधल्या ज्या कंपनीत मी टायपिस्ट होते, तिथेच ते ड्रॉइंग ऑफिसात होते. मी त्यांना दादा म्हणायचे आणि ते मला बाई म्हणायचे, ऑफिसातली सवय. नाव सांगत नाही. नावाने काही अडतही नाही, कारण असा एखादा माणूस तुम्हीही पाहिलेला असणार, ज्याला आयुष्यात एकच गोष्ट मनापासून हवी होती आणि तीच त्याच्या नशिबात टिकायची नव्हती.

नव्वदीची सुरुवात असेल. आमच्या इमारतीत ज्याच्याकडे स्कूटर तो श्रीमंत. अशा ठिकाणी एके दिवशी फाटकातून ही बया, दादांची गाडी, आत आली. लाल, बुटकी, गोल नाकाची, रस्त्याला चिकटून चालणारी. तेव्हाच्या डबड्यांमध्ये ती अशी दिसत होती की मुलं खेळ सोडून धावली. दादा आतून उतरले, दार दोन बोटांनी लोटलं आणि आमच्याकडे पाहून इतकं लाजले की मला वाटलं, हे आता पेढे वाटणार. खरंच वाटले.

लोक मागे बोललेच. "वन रूम किचनमध्ये राहतो, घर मोठं घ्यायचं सोडून हे काय थेर?" आणि घ्यायचीच होती तर घरंदाज गाडी तरी घ्यावी, चार माणसं बसतील अशी. वहिनींना म्हणजे त्यांच्या बायकोला मी विचारलं, तर त्या भाजी निवडत म्हणाल्या, "त्यांना हवी होती." पुढे एक शब्द नाही. मला तेव्हा रागच आला त्यांचा. एवढ्या कशा गरीब गाय झाल्यात, असं वाटलं.

दादांना कोणी नुसतं विचारायचा अवकाश, "काय, कशी आहे गाडी?" की दुधाच्या रांगेत सगळं पुराण सुरू. गाडीचे दोष ते लाडक्या मुलीचे सांगावेत तसे सांगायचे. "खाली घासते हो. स्पीडब्रेकर आला की तिरकी घ्यावी लागते. मागे माणूस बसत नाही, घडी करून ठेवावा लागतो. पाणी साचलं की बाहेर काढायची सोय नाही. पण दुसऱ्या गिअरमध्ये काय उचलते म्हणून सांगू." हे सांगताना त्यांचा डावा हात हवेत गिअर टाकायचा. पहिला, दुसरा, तिसरा. दुधाची पिशवी त्याच हातात असायची, तीही पुढे-मागे व्हायची.

सकाळी मी त्यांच्याबरोबरच ऑफिसला जायचे. कोपरीच्या पुलाचा चढ आला की ते एसी बंद करायचे. "माणसाला घाम आला तरी चालेल, गाडीला दम लागता कामा नये." मी म्हणायचे, "दादा, मी इस्त्रीची साडी नेसलेय." ते म्हणायचे, "ऐका, बाई, आता ऐका." आणि इंजिनाचा आवाज चढत जायचा. मला त्यातलं काही कळत नव्हतं. त्यांचा चेहरा मात्र बघण्यासारखा व्हायचा. ड्रॉइंग बोर्डावर दिवसभर वाकून बसणारा तो वाळका माणूस त्या चढावर दहा वर्षांनी लहान दिसायचा.

रविवारी ते आणि वहिनी डोंबिवलीला बहिणीकडे जायचे, मुंब्र्यावरून, शीळफाट्याने. परत मात्र उन्हं असतानाच. बहीण जेवायला थांबवायची, तरी हे उठायचे. आम्हाला वाटायचं, गाडीला रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांची दृष्ट लागेल म्हणून घाबरतात.

तसं नव्हतं. एका सकाळी पुलावर त्यांनी मला सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाई, डावीकडे कोणी आहे का हो?" डावीकडे अख्खी बस होती. लाल, एवढी थोरली, आम्हाला चिकटून. मी ओरडलेच. त्यांनी गाडी सावरली, पूल उतरले, कडेला घेतली आणि समोर बघत सांगितलं. त्यांच्या आईला हेच होतं. आधी संध्याकाळचं दिसेनासं होतं. मग दोन्ही बाजूंनी पडदे ओढत आणावेत तसं कडेचं जातं, समोरचं थोडं राहतं आणि शेवटी तेही जातं. डॉक्टर म्हणाले होते, औषध नाही. कमी-जास्त वेळ लागेल, एवढंच.

"म्हणूनच घेतली," ते म्हणाले. "घर काय, आंधळ्यालाही राहता येतं."

मला भडभडून आलं आणि त्यांच्यावर संतापही आला. मी म्हटलं, "अहो, मग चालवता कशाला? कोणाला मारायचंय का?" ते म्हणाले, "बाई, अजून दिसतंय. नाही दिसलं की मी स्वतः थांबेन." वर वहिनींची शपथ घेतली. वहिनींना पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं. गरीब गाय वगैरे काही नव्हत्या त्या.

त्या दिवसापासून मी त्यांच्या शेजारी बसून रस्ता वाचू लागले. "डावीकडे रिक्षा. सायकलवाला. पुढे खड्डा." रविवारी वहिनी वाचायच्या. हळूहळू इमारतीलाही कळलं, पण तोंडाने कोणी उच्चार केला नाही. ही आमच्याकडची रीतच. माणसाचं दुखणं सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणीच ते बोलत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी एके दिवशी फाटकाच्या दोन्ही खांबांना पांढरा चुना फासला. "पावसाने कळा गेली होती," म्हणाले. तळमजल्यावरचा रिक्षावाला त्यांच्या जागेच्या आसपास रिक्षा लावीनासा झाला. आम्ही सगळ्यांनी मिळून त्या माणसाला गाडीत बसतं ठेवलं. प्रेमाने. आता बोला.

दसऱ्याला तर गाडीचा थाट विचारू नका. आदल्या दिवशी धुणं, पुसणं, सकाळी झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, नारळ. मग चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवायचं आणि गाडी पुढे घ्यायची. लिंबं फुटली की दृष्ट उतरली. लिंबं ठेवायचं काम माझ्याकडे असायचं. ते आत बसून विचारायचे, "ठेवलीत? सरका बाजूला." फच्च असा आवाज झाला की खूश. मग सगळ्या मुलांना पाळीपाळीने कोपरीतून एक फेरी.

थांबायचं ठरलं ते कोळणीमुळे. खाडीकडून आमच्याकडे मासळी घेऊन येणारी एक कोळीण होती. फाटकाच्या बाहेर उजव्या हाताला बसायची. इतकी वर्षं त्यांना बोंबील देत आलेली. त्या सकाळी तिने पाटी नेहमीपेक्षा जरा पुढे मांडली होती. मी गाडीत डावीकडे बसलेली, डावीकडचंच वाचत होते. उजवीकडून कर्र असा आवाज आला. पाटी चाकाखाली गेली. कोळीण वेळेवर मागे सरकली म्हणून वाचली.

दादा धावत उतरले आणि खाली बसून बोंबील गोळा करू लागले. समोर पडलेले उचलत होते. बाजूला पडलेल्यांना हाताने चाचपत होते, डांबरावर, इकडे तिकडे. कोळीण शिव्या द्यायला तोंड उघडून उभी होती. ती त्यांच्या हाताकडे बघत राहिली आणि तिचा आवाजच खाली आला.

"दादा, तुला मी दिसले नाय?"

ते डांबर चाचपतच राहिले.

मग ती माझ्याकडे वळली. "बाय, याला दिसत नाय. तुमाना सगल्यांना ठाव हाय ना? आनि गप बसताव? आज पाटी गेली, उद्या मी जायची."

त्या दिवशी आम्ही ऑफिसला बसने गेलो. गाडी त्यांनी फाटकातून उलटी आत घेतली, पांढऱ्या खांबांमधून, जागेवर लावली, चावी वर जाऊन वहिनींच्या हातात दिली. शपथ पाळली. मला म्हणाले, "बाई, तुम्ही शिका. मी शिकवतो. मला ऐकू येतं सगळं."

शिकले ना. म्हणजे एक सकाळ. खाडीकडच्या मोकळ्या मैदानात. "क्लच सोडा. हळू सोडा. अहो, सोडा म्हणजे सोडून नका देऊ." गिअर करकरला की ते असे कण्हायचे, जणू त्यांच्याच पायावर मी उभी आहे. गाडी चार वेळा बंद पडली, पाचव्यांदा बेडकासारखी उडाली. मी उतरले आणि म्हटलं, "दादा, गाडी तुमची, पाय माझा. आपलं जमायचं नाही." आम्ही दोघंही हसलो. रिक्षावाल्याला बोलावून गाडी परत आणली. परतीच्या वाटेवर ते मागच्या सीटवर बसले होते, घडी करून. गाडी घेतल्यापासून पहिल्यांदाच मागे बसले होते.

पुढे नोकरीही गेली. ज्याला रेघ दिसते पण शेजारची पेन्सिल सापडत नाही, त्याला ड्रॉइंग ऑफिसात कोण ठेवणार? रोज सकाळी ते कठड्याला धरून खाली यायचे, गाडी सुरू करायचे, थोडा वेळ ऐकत बसायचे, बंद करायचे, दार लोटायचे. मी ऑफिसला निघताना म्हणायचे, "काय म्हणतेय?" ते म्हणायचे, "ठणठणीत आहे." दसऱ्याला मी लिंबं ठेवायचे, ते गाडी हातभर पुढे घ्यायचे आणि तेवढीच मागे. वर्षाची सफर एवढीच. तरी इस्त्रीचा शर्ट घालायचे त्या दिवशी.

मग एका पावसाळ्यात ते जिन्यात घसरले. कंबर धरली. तीन-चार महिने खालीच आले नाहीत. तोवर डोळ्यांतलं उरलंसुरलंही गेलं होतं. उजेड आहे की नाही, एवढंच कळायचं. दसऱ्याला मात्र म्हणाले, "मला खाली न्या."

आम्ही गाडी धुतली, हार घातला. मी लिंबं ठेवली. ते आत बसले, दार लोटून घेतलं, चावी फिरवली. नुसतं टक. पुन्हा टक. बॅटरी कधीच मेली होती, आणि ती बघायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

आमच्या लोकांना अशा वेळी काय सुचावं? सेक्रेटरींनी सगळ्यांना डोळ्यांनी खुणावलं. रिक्षावाला, सेक्रेटरी, मी, वहिनीसुद्धा, आम्ही मागे जाऊन काचेला हात लावले आणि गुपचूप ढकलू लागलो. इंजिनाच्या आवाजावर जगलेल्या माणसाला न कळता, इंजिनाशिवाय, त्याची गाडी चालवायला निघालो. चाक लिंबाला टेकलं आणि गाडी जागच्या जागी थांबली. आतून त्यांनी हँडब्रेक ओढला होता.

मग खिडकीतून त्यांचा आवाज आला. अगदी साधा, रांगेत बोलायचे तसा.

"राहू द्या. बाई, लिंबं उचला. फुटली नाहीत अजून, सरबत होईल."

मी वाकून चारही लिंबं उचलली. ती कुठे ठेवावी ते मला कळेना, तशीच पदरात धरून उभी राहिले. वहिनी काचेला कपाळ टेकून रडत होत्या, आवाज न करता, कारण दादांना ऐकू गेलं असतं.

दिवाळीनंतर त्यांनीच सांगितलं, विकून टाका. बाळकुमचा एक तरुण मुलगा मेकॅनिक आणि नवी बॅटरी घेऊन आला. दादांनी खुर्ची गॅलरीत मांडून घेतली. वहिनी घरातच थांबल्या, मी दादांजवळ उभी राहिले. खाली गाडी एका चावीत सुरू झाली. त्यांनी मान जरा तिरकी केली.

मुलाने दार धाडकन आपटलं. मी दादांकडे बघितलं. ते काही बोलले नाहीत.

गाडी निघाली आणि त्यांचा डावा हात मांडीवरून उचलला गेला. पहिला. फाटकातून बाहेर पडली तेव्हा दुसरा. कोपऱ्यावर वळून रस्ता सरळ लागल्यावर आवाज चढला, तेव्हा तिसरा. मग स्टेशनकडून येणाऱ्या बसच्या हॉर्नमध्ये तो आवाज बुडाला, मलाही ऐकू येईना. हात तसाच हवेत राहिला, चौथ्याची वाट बघत.

"टाकला का हो त्याने चौथा?" त्यांनी विचारलं.

"टाकला," मी म्हटलं, आणि चहा ठेवायला आत गेले.