परीट जाळीत, लेक आफ्रिकेत

बायांनो, सकाळपासून डोकं तडकलंय, म्हणून लिहितेय.

आमचा थोरला परवाच आफ्रिकेचं जंगल बघून आला. आज सोफ्यावर बसून घरादाराला मोबाईलमधले फोटो दाखवत होता. एका फोटोत हत्तीच्या पायाशी पिवळं पाखरू. म्हणाला, "आई, हा हजारो मैल उडून तिथं येतो. गाईडनं खास दाखवला."

मी म्हणलं, "अरे मुडद्या, हा परीट हाय! धुणं आपटल्यासारखी शेपटी आपटतो, म्हणून परीट. दसरा सरला की आपल्या चऱ्होलीच्या विहिरीवर यायचा. तूच ढेकळं मारायचास त्याला."

"काहीतरीच! आपल्याकडं कुठला?"

तेवढ्यात गॅलरीत फडफड झाली. कबुतरं येऊ नयेत म्हणून लावलेल्या जाळीत परीट अडकला होता. तसाच पिवळा. थोरला जागचा हलला न्हाई. म्हणाला, "थांब, हाउसकीपिंगला फोन करतो."

ते येईस्तोवर पाखरू मेलं असतं. मीच कात्रीनं जाळी कापली. ते उडालं, तर लेक ओरडला, "आई, नवी जाळी होती गं!"

त्याच विहिरीवर आमची बिल्डिंग उभी हाय. बिल्डरला जमीन देताना विहीर बुजवायच्या कागदावर लेकाच्या जोडीला सही माझीबी हाय, म्हणून एकट्या त्यालाच शिव्या घालता येत न्हाईत.

पण जाळीचं भोक मी आता बुजवू देणार न्हाई. तुमच्या गॅलरीला जाळी हाय का? उठा आणि बघून या, कोण अडकलंय.