तारखेला पुकारलेलं नाव

आमचे हे गेले, आणि मग त्यांचं नाव एकाच ठिकाणी ऐकू यायचं, ठाण्याच्या लेबर कोर्टात. दर तारखेला शिपाई दाराबाहेर येऊन ते पुकारायचा. आधी ह्यांचं, मग सासऱ्यांचं, मग आडनाव. सगळं खणखणीत, जिन्याखालच्या चहावाल्यालाही ऐकू जाईल असं.

हे भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखान्यात पॉलिशला होते. संध्याकाळी भोंगा झाला की सगळ्यांच्या हजेरीवर सह्या घ्यायचे, शटर अर्धं खाली ओढायचे आणि मशीन परत चालू. त्या जादा कामाला कारखान्यात ओटी म्हणायचे. म्हणायचे नुसतं, त्याचे पैसे कोणी बघितले नव्हते. शेवटी ह्यांनी तोंड उघडलं, तर दुसऱ्या दिवशी गेटवरच अडवलं. बरोबरचे दोघं-तिघं केस करू म्हणाले आणि एकेक करून गळाले. आमचा माणूस मात्र सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही असला. मी किती डोकं आपटलं त्यांच्यापुढे.

वकील मिळाले नया नगरात. म्हातारे, आमच्याच रत्नागिरीकडचे मुसलमान, मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. घराच्या पुढच्या खोलीत संध्याकाळी बसायचे आणि कामगारांकडून फी घ्यायचे नाहीत. ओटी सिद्ध करायला वेळ लागतो, धीर धरा, म्हणाले. ह्यांनी धरला. छातीनं नाही धरला. आधी साधा खोकला, मग दम, आणि केस उभी राहते न राहते तोच गेले.

वकीलसाहेब घरी आले, दारातच उभं राहून बोलले. "वहिनी, आत्ता बोलायची वेळ नाही, पण सांगायला हवं. मृत्यूचा दाखला आणा, वारस म्हणून तुमचं नाव लावू. नाहीतर अर्जदार गैरहजर म्हणून अर्ज काढून टाकतील. त्यांनी जे राबून ठेवलंय ते सगळं पाण्यात जाईल."

आणते म्हटलं. दाखला आठवड्यातच मिळाला होता. तेवढ्यात तारीख आली, घोडबंदरवरून जाणारी एसटी पकडून मी गेले, आणि व्हरांड्यात बाकावर बसलेली असताना शिपायानं ते नाव पुकारलं.

अहो, त्यांना त्या नावानं हाक मारणारं होतंच कोण? सासू बाळ्या म्हणायची, ती आधीच गेली. पोरी पप्पा म्हणायच्या. चाळीत पॉलिशवाले, कारखान्यात लंबू. आणि मी म्हणजे अहो. अख्खं नाव असं मोठ्यानं कोणी घेतलेलं मी ऐकलंच नव्हतं. पुकारा झाला की बाकावरची माणसं मान वळवून जिन्याकडे बघायची, कोण येतंय म्हणून. मीही बघितलं. येतील असं वाटलं नाही म्हणून सांगितलं तर ते खोटं. वाटलं.

वकीलसाहेबांनी दाखला मागितला. मी म्हटलं, मिळाला नाही अजून. नगरपालिकेच्या नावानं खुशाल बोटं मोडली. दाखला घरी तांदळाच्या डब्याखाली होता; तो दिला की पुकाऱ्यात माझं नाव येणार होतं. पुढच्या तारखेलाही तेच, त्याच्या पुढच्याही. तारखेच्या आदल्या दिवशी मी केस धुवायची, इस्त्रीची साडी काढायची. शेजारीण म्हणाली, कोर्टात चाललीस का लग्नाला? घरात ते कुठेच नव्हते, आणि तिकडे महिन्या-दोन महिन्यांनी कोणीतरी त्यांना आत बोलवत होतं. त्यांचा मला रागही यायचा. एवढं बोलवतायत तर यायला काय होतं, असा. मेलेल्या माणसाचाही राग येतो, ज्याला येतो त्यालाच कळतं.

मग एका तारखेला समोरचा वकील उभा राहिला. अर्जदार एकदाही आला नाही, अर्ज काढून टाका, म्हणाला. जज्जसाहेबांनी शेवटची संधी दिली. बाहेर आल्यावर आमचे वकील कधी नव्हे ते चिडले. "वहिनी, दाखला आहे ना तुमच्याकडे? खरं सांगा." मी मान डोलावली. का दडवला, हे त्यांनी विचारलं नाही. नुसतं म्हणाले, "त्यांनी मागितलं होतं ते मिळवायचं का नाही, एवढं ठरवा."

पुढच्या तारखेला दाखला दिला. मला पिंजऱ्यात उभं केलं. साहेबांनी विचारलं, "अर्जदार तुमचे कोण?"

"आमचे हे."

"नाव सांगा. पूर्ण."

"कागदावर आहे ना."

"तुमच्या तोंडून पाहिजे, बाई."

आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं सासूनं लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी बजावलं होतं, आणि मी ते इमानानं पाळलं होतं. समोरचा वकील हसून म्हणाला, "बायको आहे म्हणते आणि नाव येत नाही." आमच्या वकिलांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "घ्या, वहिनी. आता घ्यायला हरकत नाही."

त्यांना वाईट बोलायचं नव्हतं. पण खरं होतं ते. हरकत नव्हती.

त्या दिवशी वारस म्हणून माझं नाव लागलं. पुढे ओटीचे पैसेही मिळाले, सगळे नाहीत, पण मिळाले. नवऱ्याचं नाव मात्र मी जन्मात एकदाच घेतलं, शिपाई घ्यायचा तसं, आधी त्यांचं, मग सासऱ्यांचं, मग आडनाव. ते टाइप होईपर्यंत साहेब थांबले, आणि मग म्हणाले, "आता पुढचं सांगा, ते हयात आहेत का?" त्याच तोंडानं मला नाही म्हणावं लागलं.