लॅबचा हिरा आणि सुकटाचा डबा

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की डोकं उठतं. खून नाही, दरोडा नाही. साखरपुड्याच्या अंगठीतला एक हिरा, आणि त्यापायी मी एका निर्दोष माणसाला दोन दिवस ठाण्याच्या बाकावर बसवलं. सातवी शिकून पोलिसात लागले होते, या प्रकरणाच्या वेळी सहायक फौजदार होते आणि निवृत्तीला वर्ष उरलं होतं. एवढ्या नोकरीत अक्कल यायला हवी होती.

मुलगी दिवेआगरकडची, आमच्याच ठाण्याच्या हद्दीतली. वडिलांची नारळ-सुपारीची वाडी, ती स्वतः नवी मुंबईत नोकरीला. मुलगा उरणचा, बापाचे ट्रेलर बंदरात चालतात. दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं, घरच्यांचीही हरकत नव्हती. वाद झाला तो अंगठीवरून. मुलगी म्हणाली, लॅबमध्ये केलेला हिरा घेऊ, तोही हिराच असतो, उगाच खर्च कशाला? मुलाच्या बापाने भर बैठकीत सांगून टाकलं, "आमच्या घरात कारखान्यातला दगड चालत न्हाय." मग काय, खाणीतला हिरा आला, सर्टिफिकेटसकट.

साखरपुड्याला अंगठी बोटात सैल झाली. मुलीच्या वडिलांनी ती आमच्या बाजारातल्या सोनाराकडून लहान करून आणली. महिन्याभराने मुलीने ती मुंबईच्या दुकानात साफ करायला दिली, तर तिथे मशीनवर तपासून सांगितलं की हा हिरा लॅबचा आहे, सर्टिफिकेटातला नाहीच.

मुलाच्या बापाने सोनाराविरुद्ध तक्रार अर्ज दिला. साहेब म्हणाले, "दागिन्याचं प्रकरण आहे बाई, तुम्हीच बघा." दागिना म्हटला की कागद माझ्या टेबलावर, हे जन्मभर चाललं.

सोनाराला आणायला मी जीप आणि दोन शिपाई घेऊन गेले. आठवड्याच्या बाजाराचा दिवस होता, सगळा गाव रस्त्यावर. एक फोन केला असता तर तो माणूस चालत आला असता. तासाभरात त्याच्या दुकानापुढे माणसं चिठ्ठ्या घेऊन उभी राहिली. कुणाला दुरुस्तीला टाकलेलं मंगळसूत्र परत हवं, कुणाला नातवाच्या बाळ्या. सोनाराची बायको एकेक दागिना परत देत बसली. बापापासून चालत आलेलं दुकान एका दुपारीत रिकामं झालं.

जबाबात सोनार एकच सांगत राहिला. "मागची पट्टी कापली, जोडली, पॉलिश केली. हिऱ्याला हात लावला नाही."

"मग हिरा आपोआप बदलला?"

"ते मला कसं कळणार, बाई? मला दिली तीच अंगठी मी परत दिली."

मी चार वेळा फिरवून विचारलं. खोटं बोलणारा दर खेपेला गोष्ट थोडी सुधारतो. हा सुधारत नव्हता. हे मला दिसत होतं, तरी दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा बोलावलंच, कारण दुसरं नाव माझ्याकडे नव्हतं.

त्या दिवशी दोन्ही घरची माणसं जबाबाला आली. मुलाचा बाप ठाण्यातच मुलीवर घसरला. "हिलाच लॅबचा पायजे होता ना? हिनंच सोनाराला सांगून बदलला असंल!" मुलीचे वडील उठून उभे राहिले. मुलगा मोबाइल बघत बसला. मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. लग्न तिथेच मोडायच्या बेताला आलं होतं.

एवढ्यात मुलाची आई गुपचूप उठली, पिशवीतून डबा काढला आणि बाकावरच्या सोनारापुढे ठेवला. तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी. "खाऊन घ्या हो. सकाळपासून उपाशी असाल."

फिर्यादीच्या घरचा डबा संशयिताला! एवढ्या नोकरीत मी असं पाहिलं नव्हतं. आणि तेव्हा कुठे मला सुचलं की अंगठी सोनाराकडे जायच्या आधी कोणाकडे होती, हे मी कुणालाच विचारलेलं नाही.

तिला आत नेलं, चहा दिला. "साखरपुड्यापर्यंत अंगठी कुणाच्या कपाटात होती?"

ती रडली नाही. पिशवीतून कापराची डबी काढून माझ्या हातात दिली. आत कापसात हिरा होता.

ज्योतिष्याने तिला सांगितलं होतं की या मुलीला हिरा लाभत नाही, सासरच्या माणसावर संकट येईल. थोरल्या सुनेने हिऱ्याच्या कुड्या घातल्या त्याच वर्षी थोरल्याचा ट्रेलर उलटून पाय गेला होता. नवऱ्याला सांगायची सोय नव्हती. मग पनवेलला जाऊन त्याच मापाचा लॅबचा हिरा बसवून घेतला.

"अहो, पण तोही हिराच की!" मी वैतागून म्हणाले.

"तो जमिनीतला कुठं हाय, बाय? मशीनमदला हाय. ग्रहांना काय कलतंय त्याचं?"

बाहेर आणून तिला सगळ्यांसमोर बोलायला लावलं. नवरा ओरडला, "मना सांगाचं ना मग!"

"सांगून तुम्ही कवा आयकलंय?"

मुलीने अंगठी घट्ट धरली. "मला हवा होता तोच बोटात आहे. हा काढायचा नाही."

"मंग या खऱ्याचा काय करू?" मुलाच्या बापाने विचारलं.

"तुम्ही घाला, बाबा. तुम्हालाच हवा होता. पण आधी सोनारकाकांच्या दुकानात चला. सगळ्यांना दिसेल असे बसा. नाहीतर लग्न नाही."

अर्ज दप्तरी दाखल झाला, म्हणजे प्रकरण मिटलं. तो ट्रेलरवाला खरंच गेला, दुकानाच्या पायरीवर तासभर बसला, सुनेची जोडवी तिथेच करायला टाकली. लग्नही झालं. पण चिठ्ठी घेऊन आलेल्यांपैकी काही माणसं त्या दुकानात पुन्हा आलीच नाहीत.

या प्रकरणातून मी शिकले ते एवढंच: अंगठीचा प्रवास ती विकत घेतली त्या दुकानापासून मोजायचा असतो, आपल्याला सोयीच्या माणसापासून नव्हे. आणि चौकशीला बोलवायचं तर जीप न्यायची नाही. हे मला कुणी पहिल्या वर्षी शिकवायला हवं होतं.

निवृत्तीनंतर माझी बुगडी तुटली, ती त्या सोनाराकडेच नेली. त्याने वजन केलं, चारी बाजूंनी फोटो काढले, वहीत लिहिलं आणि दोन ठिकाणी माझी सही मागितली.

"माझीही सही? मी पोलिसातली, विसरलात काय?"

"विसरलो नाही," तो मान वर न करता म्हणाला. "म्हणूनच दोन."

मी दोन्ही सह्या केल्या.