डिगऱ्या रंगवणारा मल्लूमामा

मल्लूमामा गेल्याचा फोन आला तेव्हा माझा उजवा हात कोपराच्या वरपर्यंत म्हशीच्या पोटात होता. रेडकाचा एक पाय आत दुमडला होता आणि तो सरळ केल्याशिवाय हात बाहेर काढता येत नव्हता. खिशातला फोन तीनदा वाजून थांबला. चौथ्यांदा वाजला तेव्हा म्हशीच्या मालकिणीनंच तो काढून माझ्या कानाला लावला. पलीकडून आई म्हणाली, "राजी, मल्लूअण्णा गेला गं..." मी म्हणाले, "बरं." आपण काय बोललो ते मला कळलं पाच मिनिटांनी, रेडकू बाहेर येऊन शिंकल्यावर. मग तिथंच शेणात बसून रडले. मालकिणीला वाटलं, रेडकू जगलं म्हणून डॉक्टरीणबाईला भरून आलं. तिनं चहा टाकला आणि तो मी प्यायलेसुद्धा. हे मामाला सांगता आलं असतं तर तो पोट धरून हसला असता.

माझा मामा मल्लिनाथ शुक्रवार पेठेत बोर्ड रंगवायचा. मूळचा मैंदर्गीचा, त्यामुळे घरात कन्नड, दुकानात मराठी. पण सोलापुरात बोर्ड रंगवायचे तर एवढ्यावर भागत नाही. तेलुगू आणि उर्दू अक्षरं तो बघून बघून शिकला होता, आणि वाचता न येणाऱ्या लिपीतही त्याच्या हातून चूक झाल्याचं मी कधी ऐकलं नाही. दुकान म्हणजे एक अरुंद खोली, टर्पेंटाइनचा वास आणि भिंतीला टेकवून वाळत ठेवलेले पत्रे. डॉक्टर, वकील, सी.ए., आर्किटेक्ट, ज्यानं म्हणून नवी डिगरी आणली तो आधी देवाला जायचा आणि तिथून थेट मामाकडे यायचा. मामा स्वतः दहावीला दोनदा अडकून तिसऱ्यांदा बसलाच नव्हता. तरी कुठल्या डिगरीला काय भाव आहे हे त्याच्याइतकं पेठेत कुणाला ठाऊक नव्हतं.

त्याचं निरीक्षण असं की, नव्या डॉक्टरला नावापेक्षा डिगरी मोठी हवी असते. "धंदा चालला की फुडच्या खेपेला नाव मोठं, डिगरी बारकी. आन् लईच चालला तर डिगरी लिवायची आठवनच ऱ्हात न्हाई." वकिलाला एलएल.बी.च्या आधी बी.कॉम. पण पाहिजे, पत्र्यावर जागा असो नसो. सी.ए. म्हणजे नुसती दोन अक्षरं, पण ती मिळेपर्यंत माणसाचे केस गेलेले असतात. आणि इंजिनिअर? "त्याला बोर्डच नसतो. त्याचा बोर्ड म्हंजी त्याची आई, गल्लीभर फिरून सांगत असती." बोर्ड सांगायला आलेले लोक बसल्या बसल्या विचारायचे, पोराला कशाला घालू, फार्मसी बरी का कायदा, एम.बी.ए. बरं का सी.ए. मामा ब्रश न थांबवता सांगायचा, "पैला बोर्ड कुनीबी रंगवतंय. दुसऱ्यांदा कोन येतंय त्ये बगा." आमच्या सोलापूरच्या उन्हात लाल रंग काही वर्षांत विटतो. विटलेला बोर्ड त्याच जागी परत रंगवून घ्यायला जो येतो, त्याची डिगरी खरी. बाकीचे पत्रे भंगारात जातात आणि माणसं दुसरं काहीतरी करत असतात. ही त्याची मोजपट्टी, आणि ती फारशी चुकायची नाही.

चुकला तो एकदाच, तेही माझ्या बाबतीत. मी बारावीला बरे मार्क आणले. बरे म्हणजे एम.बी.बी.एस.ला न पुरणारे. पण मामाला एवढा धीर कुठला? निकालाच्या संध्याकाळी त्यानं पत्र्याला पांढरा हात दिला आणि दुसऱ्या दिवशी टपोऱ्या निळ्या अक्षरांत 'डॉ. राजश्री' काढून, खाली डिगरीला जागा सोडून, बोर्ड दुकानाबाहेर वाळत ठेवला. दुपारपर्यंत पेठेतून ये-जा करणाऱ्या साऱ्यांनी तो वाचला. माझे वडील, म्हणजे अप्पा, चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला होते. संध्याकाळी ते घरी येईपर्यंत वाटेत सात-आठ जणांनी त्यांचा हात हातात घेतला होता. पोरगी डॉक्टर होणार! अप्पांनी कुणालाही नाही म्हटलं नाही, आणि तिथंच माझं घोडं अडलं.

कारण माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. एक बी.डी.एस., लांबच्या खासगी कॉलेजात. दुसरी परभणीला बी.व्ही.एस्सी., जी मला मनापासून हवी होती. लहानपणी सुट्टीत मैंदर्गीला मी शेळ्यांच्या पाठीमागेच असायचे. अप्पांनी कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून मधोमध रेघ मारली आणि दोन्ही डिगऱ्यांची तुलना मांडली. एका बाजूला लिहिलं, पांढरा कोट, स्वतःचं क्लिनिक, चांगली स्थळं, गावात मान. दुसऱ्या बाजूला लिहिलं, शेण. एवढा एकच शब्द. कारखान्यात टॉवेलातला सुटलेला एक धागा दहा फुटांवरून ओळखणारा माणूस, पण या कागदातली खोट काही त्यांना दिसेना.

मी रडत मामाकडे गेले. त्यानं मला लुनावर मागे बसवलं आणि दुपारभर शहरातले स्वतः रंगवलेले बोर्ड दाखवत हिंडवलं. एका दातांच्या डॉक्टरीणबाईंचा बोर्ड त्यानं तीनदा रंगवला होता. मामानं तो मान वर करून नीट बघितला आणि म्हणाला, "ही बी डिगरी खरी हाय, राजी. उगं नावं ठिवू नको. पर तुला दात बगायचेत का?" मी नाही म्हणाले. "मग ढोरांच्या डॉक्टरचं कसं असतं, मामा?" त्यावर तो म्हणाला, "एवढ्या वर्षांत ढोरांच्या डॉक्टरचा एक बी बोर्ड मी रंगवल्याला न्हाई. खरं सांगायचं तर मला म्हाईत न्हाई." सगळं शहर ज्याला विचारायचं त्यानं मला माहीत नाही म्हणून सांगितलं. आज मला वाटतं, मोठ्या माणसांनी मला दिलेला तेवढा एकच प्रामाणिक सल्ला होता.

त्या संध्याकाळी तो आमच्या घरी आला. अप्पांना म्हणाला, "दाजी, पोरगीला परभणीला जाऊ द्या." अप्पांनी कॅलेंडरचं पान पुढे केलं. मामानं ते वाचलं आणि म्हणाला, "ह्यात पोरीचं मन कुटं लिवलंय?" अप्पांचा आवाज चढत नसे, त्या दिवशीही चढला नाही. ते म्हणाले, "तू पेंटर हाईस, मल्लिनाथ. डिगरी लिवनं येगळं आन् डिगरी कळनं येगळं." आई चहाचे कप घेऊन बाहेर आली तर मामा चपला घालत होता.

मी परभणीला गेले. आईनं सात दिवस जेवण सोडलं तेव्हा कुठे अप्पांनी सही केली. पण त्यानंतर अप्पांचं आणि मामाचं बोलणं बंद झालं, ते पुढं सतरा वर्षं. लग्नाकार्यात समोरासमोर आले तर अप्पा मांडवाच्या खांबाशी बोलल्यासारखं बोलायचे. डिगरी घेऊन मी अक्कलकोटात काम सुरू केलं, दुचाकीवर गावोगाव हिंडू लागले. घरी पाहुणे आले की अप्पा सांगत, "मुलगी अक्कलकोटला असते." काय करते ते सांगत नसत. जावयाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, इंजिनिअर म्हणत, स्वतःच्या भावाला वकीलसाहेब म्हणत, शेजारच्या पोराला अजून परीक्षा द्यायची होती तरी सी.ए. म्हणत. मला मात्र त्यांनी कधी डॉक्टर म्हटलं नाही. मी चेष्टेवारी न्यायचे, पण ते लागायचं. अजून लागतं, असंच मी गेल्या आठवड्यापर्यंत म्हटलं असतं.

मधल्या काळात फ्लेक्स आले आणि मामाचं दुकान ओस पडलं. हातही कापू लागला. तरी तो सकाळी दुकान उघडून बसायचा, ब्रश धुऊन ठेवायचा. मी कामातून वेळ काढून गेले की चहा मागवायचा आणि इकडचं तिकडचं बोलून झालं की एकच विचारायचा, "राजी, माझं चुकलं तर न्हाई न्हवं?" घरात अबोला, मुलीला नाव नाही, बोर्ड नाही... हे सगळं आपल्यामुळे झालं असं त्याच्या मनानं घेतलं होतं. तो जायच्या आठ-दहा दिवस आधी झालेल्या शेवटच्या भेटीतही त्यानं तेच विचारलं. मला मैंदर्गी रोडला एका गाईकडे पोचायचं होतं, गाडी सुरू होती. मी म्हणाले, "म्हशींना विचार की, मामा," आणि निघाले. तो हसला खरा. पण सरळ उत्तर द्यायला मला दोन मिनिटं नव्हती, याचं मला फार वाईट वाटतं. "नाही मामा, चुकलं नाही, तुझ्यामुळे मी सुखात आहे," एवढंच तर म्हणायचं होतं.

मामाला माती देताना अप्पा सगळ्यांच्या मागे, भिंतीला पाठ लावून उभे होते. पुढे आले नाहीत, कुणाशी बोलले नाहीत. मेलेल्या माणसाशी कसला राग धरता, असं मला तोंडावर विचारायचं होतं. आईकडे बघून गप्प बसले. त्यानंतर तीन आठवडे मी त्यांना फोन केला नाही.

गेल्या बुधवारी अनोळखी नंबरवरून फोन आला. मैंदर्गीच्या अलीकडच्या मळ्यातून लगमव्वा नावाची धनगराची म्हातारी बोलत होती. दोन शेळ्यांची पोटं फुगलीत, लगीच या. गेले. औषध पाजलं, चालवलं, तासाभरात शेळ्या रवंथ करू लागल्या. हात धुताना मी सहज विचारलं, "माझा नंबर कुणी दिला तुम्हाला?"

"कुनी कशाला? भितीवर हाय की," लगमव्वा म्हणाली.

छपराला वळसा घालून गेले. मातीनं सारवून त्यावर चुन्याचा हात दिलेली भिंत होती, आणि तिच्यावर निळ्या रंगात 'डॉ. राजश्री'. खाली माझा फोन नंबर, लांबून येणाऱ्याला वाचता येईल एवढा मोठा. वळणं मामाचीच, पण हात कापल्यानं रेघ मधे मधे हललेली. आणि त्याखाली, डिगरीची अक्षरं एकही न गाळता, 'बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच.'

मी शेवटच्या अक्षरावरून बोट फिरवलं. मग विचारलं, "मामा एकटाच आला होता?"

"एकटं कसं येतंय? त्येला धड हुबं ऱ्हायला बी येत नव्हतं," लगमव्वा म्हणाली. "गाडीवर पाटीमागं बसून आलं. गाडी चालवनारं उंच, बारीक, चष्मा लावल्यालं. तुमचं वडील म्हनं. मामाचा हात लई कापाय लागला, तर त्येनी मनगट धरलं आन् अक्षर संपस्तोर सोडलं न्हाई. पर भांडली बी लई, दोगं. मामा म्हनलं, नाव आन् नंबर बास, डिगरीला कोन ओळकतंय हितं? तर वडील म्हनलं, न्हाई, डिगरी पायजेच, सगळी लिव. पोरगीनं पाच वर्सं काडल्यात. च्या थंड झाला बगा भांडून भांडून."

तिनं सांगितलेला दिवस मी मनात मोजला. मामा जायच्या जेमतेम महिनाभर आधीचा होता. म्हणजे शेवटच्या भेटीत मामानं मला विचारलं तेव्हा अबोला सुटलेला होता, आणि दोघांपैकी एकानंही मला पत्ता लागू दिला नव्हता. माती देताना भिंतीला पाठ लावून उभा असलेला माणूस रागात नव्हता तर... आणि मी तीन आठवडे त्यांना फोनसुद्धा केला नव्हता. मी शेळ्यांच्या पाणवठ्यापाशी जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि फोन लावला.

"अप्पा, मी लगमव्वाच्या मळ्यात आहे."

पलीकडे खाकरल्याचा आवाज. "भिंत बगितलीस?"

"बघितली."

"शेवटचं अक्षर वाकडं आलंय. मी सांगत हुतो मल्लिनाथला, पुसून परत काड, तर ऐकंना." मग म्हणाले, "अजून चार गावं ऱ्हायल्यात. यादी केल्ती आमी. रंगाचा डबा हितं माज्याकडंच हाय, उगं वाळून जाईल."

"रविवारी जाऊ या," मी म्हणाले. "मला सुट्टी आहे. अक्षरं मी काढीन."

"नको, मीच काडतो," अप्पा म्हणाले. "डॉक्टर लोकांच्या अक्षराचा काय भरोसा न्हाई."